पेशीपटलाला भोक कसं पडतं: छिद्र पाडणारी जिवाणूंची विषं, हाताने करून समजून घेताना

प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेत मी एक प्रश्न हमखास विचारते. ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचं अल्फा टॉक्सिन लाल रक्तपेशी फोडतं, म्हणजे नेमकं काय करतं?’ उत्तर बहुतेक वेळा एकच येतं: ‘पेशीचं पटल विरघळवतं, मॅडम.’ मग मी पुढचं विचारते. त्या विषाने पाडलेलं भोक सर्वांत अरुंद जागी साधारण १.४ नॅनोमीटर रुंद असतं. हिमोग्लोबिनचा रेणू पाच-सहा नॅनोमीटरचा. मग एवढ्याशा भोकातून हिमोग्लोबिन बाहेर आलं कसं?

इथे वर्ग गप्प होतो. हा लेख त्या शांततेसाठी आहे. सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, नर्सिंग किंवा डीएमएलटी करणाऱ्या आणि पाठांतराने कंटाळलेल्या मुलामुलींसाठी. कुठलंही खरं विष न हाताळता, कॉलेजच्या साध्या प्रयोगशाळेत आणि थोडंसं घरच्या ओट्यावर, हा विषय पायरीपायरीने कसा उलगडायचा ते सांगते. रक्ताचे प्रयोग फक्त प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर, हातमोजे घालून करायचे. स्वतःचं किंवा मैत्रिणीचं रक्त वापरायचं नाही. आणि जिवाणू वाढवून त्यातून विष काढायच्या फंदात कोणी पडायचं नाही. समजण्यासाठी त्याची गरजच नाही.

पायरी पहिली: आधी चादर समोर घ्या

घरातली सोलापुरी चादर काढा. ताणा आणि बाणा एकमेकांत अडकलेले आहेत, म्हणून ती चादर आहे. उदबत्तीची ठिणगी पडून तिला भोक पडलं तर ते कायमचं. उलट कडेचे धागे सुटून ते वाढतच जातं.

पेशीपटलाला ताणा-बाणा नाही. ते लिपिड रेणूंच्या दोन थरांचं आहे. डोकी पाण्याकडे, तेलकट शेपट्या आत, एकमेकींकडे तोंड करून. गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी लाल पेशींमधलं लिपिड पाण्यावर पसरून ते पेशीच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरतं असं १९२५ मध्ये दाखवलं, तिथून दोन थरांची कल्पना आली. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये त्यात हालचाल घातली: हे रेणू जागेवर बसलेले नसतात, सतत आजूबाजूला सरकत असतात. त्यामुळे बारीक सुईने पटल टोचलं तर सुई काढल्यावर भोक आपोआप मिटतं. शेपट्या पाण्यात उघड्या पडणं लिपिडला सोसत नाही, आजूबाजूचे रेणू सरकून जागा भरतात.

म्हणून जिवाणूपुढे खरी अडचण भोक पाडण्याची नाही, ते उघडं ठेवण्याची आहे. खिडकी टिकवायची तर चौकट लागते. छिद्र पाडणारी विषं म्हणजे प्रथिनांची अशी चौकट. हे एक वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढचं सगळं त्यातून निघतं.

मापांचाही अंदाज आत्ताच घेऊ. पटलाची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर, माणसाची लाल पेशी सात-आठ मायक्रोमीटर रुंद. म्हणजे साधारण दीड हजार पट. पटल १ मिलिमीटर जाडीची चादर आहे असं धरलं तर पेशी दीड मीटर रुंदीचा तंबू होते. त्या तंबूला अल्फा टॉक्सिनचं भोक पाव मिलिमीटरहून किंचित मोठं, म्हणजे सुईच्या टोचण्याएवढं. स्ट्रेप्टोलायसिन ओ या दुसऱ्या, स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूच्या विषाचं भोक २५ ते ३० नॅनोमीटरचं, म्हणजे त्याच तंबूला पाच-सहा मिलिमीटरचं. त्यातून शिसपेन्सिल जवळजवळ जाईल. ही दोन भोकं डोक्यात वेगवेगळी ठेवा. त्यांची गोष्ट वेगळी आहे.

पायरी दुसरी: बीट, म्हणजे फाटणं काय असतं ते

सोलापूरच्या लक्ष्मी मार्केटमधून एक ताजं बीट आणा. सारख्या आकाराचे, सेंटिमीटरभर लांबीचे तुकडे करा आणि धुण्याचं पाणी रंगहीन होईपर्यंत धुवा. हा टप्पा घाईत उरकू नका, कापताना फुटलेल्या पेशींचा रंग निघून गेलाच पाहिजे. मग एक तुकडा गार पाण्यात, एक ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात, एक भांडी घासायच्या लिक्विडच्या पाण्यात आणि एक ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा.

गार पाणी स्वच्छ राहील. बाकी तिन्हींत रंग उतरेल. बीटचा लाल रंग पेशीच्या आतल्या रसकोशात असतो, त्याला बाहेर यायला दोन पटलं ओलांडावी लागतात. उष्णता, साबण आणि अल्कोहोल या तिघांनी ती दोन्ही पटलं मोडली. ‘विरघळवणं’ म्हणतात ते हे. अंदाधुंद, पटलभर, जागा न निवडता.

मे महिन्यात हा प्रयोग करणार असाल तर सकाळी लवकर करा. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी खोलीचंच तापमान चाळीसच्या घरात जातं आणि ‘गार पाण्याची’ नळीही हलकी गुलाबी दिसायला लागते. तुलनेची नळी बिघडली की बाकी नळ्यांना अर्थ राहत नाही.

पायरी तिसरी: कागदाची चौकट करा

आता विषाकडे. जाडसर कागदाच्या सात पट्ट्या कापा, प्रत्येकी वीतभर लांब आणि बोटभर रुंद. प्रत्येक पट्टी मध्ये दुमडून केसांच्या पिनेसारखी करा. पट्टीच्या एका बाजूला निळा रंग द्या, दुसऱ्या बाजूला पिवळा. निळा म्हणजे पाण्याशी जमणारा, पिवळा म्हणजे तेलाशी जमणारा.

अल्फा टॉक्सिनचा एक रेणू २९३ अमिनो आम्लांचा, साधारण ३३ किलोडाल्टनचा. जिवाणू तो पाण्यात विरघळणाऱ्या रूपात बाहेर सोडतो. या अवस्थेत तेलकट भाग झाकलेला असतो, पिन मिटून अंगाशी धरलेली असते. तुमच्या सातही पट्ट्या मिटून टेबलावर विखरून ठेवा. ही झाली पहिली अवस्था, आणि ती निरुपद्रवी आहे.

दुसरी अवस्था: पेशीवर जागा सापडणं. विष कुठल्याही पटलावर सारखंच बसत नाही. अल्फा टॉक्सिनला पेशीवरचं अ‍ॅडॅम-१० नावाचं प्रथिन हवं असतं. सशाच्या लाल पेशी माणसाच्या पेशींपेक्षा या विषाला शंभरपटींहून जास्त बळी पडतात, हा फरक मुख्यतः पकडीच्या जागांचाच. एरोलायसिन हे गोड्या पाण्यातल्या एरोमोनासचं विष. ते जीपीआय या साखर-लिपिडच्या दोरीने बांधलेल्या प्रथिनांना धरतं. स्ट्रेप्टोलायसिन ओ आणि त्याच्या घराण्यातल्या न्यूमोलायसिन, लिस्टेरिओलायसिन यांना पटलात कोलेस्टेरॉल लागतं. जिवाणूच्या स्वतःच्या पटलात कोलेस्टेरॉल नसतं, आपल्या पेशींत भरपूर असतं. विष सोडणारा स्वतः सुरक्षित राहतो तो असा.

तिसरी अवस्था: एकत्र येणं. पटलावर बसलेले रेणू सरकत सरकत एकमेकांना भेटतात. मोकळ्या पाण्यात त्यांची गाठ पडायला वेळ लागला असता. पटलावर ते एकाच पातळीत फिरतात, म्हणून लवकर भेटतात. सात पट्ट्या, अजून मिटलेल्याच, गोल मांडा. याला पूर्वछिद्र म्हणू. कडं तयार आहे, भोक अजून नाही.

चौथी अवस्था: आता सातही पिना एकदम उघडून खाली सोडा, निळी बाजू आत, पिवळी बाहेर. प्रत्येक पिनेचे दोन पदर, सात पिनांचे चौदा. पिंपाच्या फळ्यांसारखे ते उभे राहतात. बाहेरची पिवळी बाजू लिपिडच्या शेपट्यांना भिडते, आतल्या निळ्या बाजूने पाणी आणि आयन वाहतात. १९९६ मध्ये या सात रेणूंच्या छिद्राची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली तेव्हा हे चौदा पदरांचं पिंप पहिल्यांदा स्पष्ट दिसलं. पूर्ण रचना छत्रीच्या आकाराच्या अळंबीसारखी, सुमारे १० नॅनोमीटर उंच.

खऱ्या रेणूत रंग असे बाजूबाजूने दिलेले नसतात. साखळीत एक सोडून एक अमिनो आम्ल पाण्याकडे आणि तेलाकडे तोंड करतं. मणी ओवून मॉडेल करणाऱ्यांनी निळा-पिवळा-निळा-पिवळा असा क्रम ओवावा, ते जास्त खरं होईल.

स्ट्रेप्टोलायसिनच्या घराण्यासाठी हाच खेळ मोठ्या प्रमाणावर: तीस ते पन्नास रेणू, प्रत्येकाच्या दोन पिना. तिथे आणखी एक कसरत असते. कडं आधी पटलाच्या वर उंच उभं असतं आणि भोक पाडताना सुमारे ४ नॅनोमीटर खाली बसतं. ही कसरत थंडीत अडते. बर्फावर स्ट्रेप्टोलायसिन ओ पेशींना चिकटतं, पण पेशी फुटत नाहीत. न चिकटलेलं विष धुऊन नळी ३७ अंशांवर आणली की फुटतात. ‘चिकटणं’ आणि ‘आत घुसणं’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा मला माहीत नाही, आणि त्याला लागतो फक्त बर्फाचा डबा.

सगळीच विषं पिंप करत नाहीत. काही जण पदरांऐवजी मळसूत्री दांड्या पटलात खुपसतात. ई. कोलायचं सायटोलायसिन ए तसं आहे, बारा रेणूंचं. पिंपवाल्यांना बीटा गट आणि दांडीवाल्यांना अल्फा गट म्हणतात. आणि इथे गोंधळ ठरलेला: स्टॅफिलोकॉकसचं अल्फा टॉक्सिन बीटा गटात बसतं. नावातला अल्फा शोधाच्या क्रमाचा, गटाचा बीटा रचनेचा. परीक्षेत यावर गुण जातात.

पायरी चौथी: युरियाची नळी

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. याला दोन तास द्या.

मेंढीचं रक्त, सायट्रेट घातलेलं किंवा काचेच्या मण्यांवर हलवून तंतू काढलेलं, विभागामार्फत मिळवा. ०.८५ टक्के मिठाच्या पाण्यात तीनदा धुवा, १५०० आरपीएमवर प्रत्येक वेळी पाच-दहा मिनिटं. वरचं पाणी रंगहीन झालं की धुणं पुरे. मीठ अंदाजाने घेऊ नका, तोलून घ्या. मेंढीच्या लाल पेशी आपल्याहून लहान, सुमारे साडेचार मायक्रोमीटरच्या असतात आणि पाणी जरा पातळ झालं तरी लवकर फुटतात. धुतलेल्या पेशी तेवढ्याच मिठाच्या पाण्यात मिसळून निम्मं-निम्मं मिश्रण करा.

पाच नळ्या घ्या, प्रत्येकीत ३ मिलिलिटर:

क. ०.८५ टक्के मिठाचं पाणी
ख. ऊर्ध्वपातित पाणी
ग. १.८ टक्के युरिया, ऊर्ध्वपातित पाण्यात
घ. १.८ टक्के युरिया, ०.८५ टक्के मिठाच्या पाण्यात
च. १०.३ टक्के साखर, म्हणजे सुक्रोज, ऊर्ध्वपातित पाण्यात

युरिया प्रयोगशाळेतल्या बाटलीतला घ्या, शेतात टाकायचा नको. प्रत्येक नळीत पेशींचे दोन थेंब टाका, अलगद उलटी-सुलटी करा आणि मागे वर्तमानपत्राचा कागद धरा. अक्षरं दिसली नाहीत तर पेशी शाबूत आहेत, प्रकाश विखुरतोय. लाल रंगातून अक्षरं स्वच्छ वाचता आली तर पेशी फुटल्या. यापेक्षा विश्वासू यंत्र नाही असं मी मुलांना सांगते, आणि ते खरंच तसं मानते.

क मध्ये अक्षरं दिसत नाहीत. ख मध्ये लगेच दिसतात. च मध्ये दिसत नाहीत, फक्त पेशी थोड्या एकमेकींना चिकटतात, हलवून बघा. आता ग कडे नजर ठेवा. सुरुवातीला गढूळ. मग थोड्याच वेळात बातमीचा मथळा उमटतो, मग खालच्या बारीक ओळी. आणि घ? गढूळच राहते.

थांबा आणि विचार करा. क, ग आणि च या तिन्हींत विरघळलेल्या कणांची संख्या जवळजवळ सारखी आहे. ग मध्येच पेशी का फुटल्या? कारण युरिया पटलातून आत जातो. मीठ आणि साखर बाहेर अडून राहतात आणि आतल्या हिमोग्लोबिनला व क्षारांना तोल देतात. युरिया तो तोल देत नाही, कारण तो दोन्हीकडे सारखा होतो. पेशीच्या हिशेबात तो असून नसल्यासारखा. मग आतल्या रेणूंना तोलणारं बाहेर कोणी उरत नाही, पाणी आत शिरतं, पेशी फुगून गोल होते आणि फुटते. घ मध्ये तोच युरिया आहे, पण जोडीला मीठ बाहेर उभं आहे, म्हणून पेशी टिकतात.

या प्रयोगात पटलाला कोणी हात लावला नाही. साबण नाही, विष नाही, भोक नाही. फक्त बाहेरचा पहारेकरी आत शिरला.

आता अल्फा टॉक्सिन आणा, मनातल्या मनात. १.४ नॅनोमीटरच्या भोकातून हिमोग्लोबिन जात नाही, पण सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड सहज जातात. भोक पडताच मिठाची युरियासारखी गत होते. ते दोन्हीकडे सारखं होतं आणि तोलाच्या हिशेबातून बाद होतं. हिमोग्लोबिन आत अडकलेलं, सुमारे ५ मिलिमोलर, त्याला तोलायला बाहेर कोणी नाही. पाणी शिरतं, पेशी फुटते आणि फुटलेल्या पटलातून हिमोग्लोबिन बाहेर येतं. ते विषाच्या भोकातून कधीच आलेलं नसतं.

वेग किती, याचा ढोबळ हिशेब करून बघा, मुलांना तो आवडतो. प्रयोगात १ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये १०० मिलिव्होल्ट दिला तर या एका छिद्रातून साधारण १०० पिकोअँपिअर प्रवाह वाहतो. भागाकार केला की सेकंदाला सुमारे ६० कोटी आयन. लाल पेशीत मीठ त्यामानाने पातळ आणि विद्युतदाब कमी, तेव्हा हा आकडा वीसेक पटींनी खाली आणा. सेकंदाला तीन कोटी धरू. माणसाच्या एका लाल पेशीत पोटॅशियमचे आयन पाच-सहाशे कोटी. म्हणजे एक छिद्र असलं तरी काही मिनिटांत काम होतं.

याचाच एक पडताळा: पोटॅशियम आधी बाहेर येतं, लाल रंग नंतर. फ्लेम फोटोमीटर, म्हणजे ज्योतीच्या प्रकाशावरून पोटॅशियम मोजणारं यंत्र, असलेल्या विभागात हे मोजता येतं. पण मेंढीच्या पेशी घेऊन हा प्रयोग करू नका. पुष्कळ मेंढ्यांच्या लाल पेशींत पोटॅशियम मुळातच कमी असतं, तो त्यांचा आनुवंशिक गुण आहे. आपल्या भागात मेंढ्यांचं रक्त सहज मिळतं म्हणून तेच सगळीकडे वापरायची सवय लागते, आणि इथे ती सवय फसवते.

पायरी पाचवी: भोक न बघता भोकाचं माप

वरचं नीट समजलं असेल तर हे अर्ध्या पानात होईल. पेशी फुटते कारण बाहेर तोलणारं कोणी नाही. मग बाहेर असा रेणू घाला जो भोकातून मावणार नाही. तो बाहेर अडून राहील, तोल देईल आणि पेशी वाचेल, भोक असूनही.

प्रयोगशाळांमध्ये सुमारे ३० मिलिमोलर वेगवेगळ्या आकाराचे रेणू घालतात: सुक्रोज, साधारण १ नॅनोमीटर व्यासाचं, मग रॅफिनोज, मग पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे, म्हणजे पीईजीचे, चढते आकार. पीईजी ४००० साडेतीन-चार नॅनोमीटरचं असतं. ज्या आकाराला पेशी फुटायच्या थांबतात, त्याच्या आसपास भोकाची रुंदी. अल्फा टॉक्सिनसमोर सुक्रोज वाचवू शकत नाही, पीईजी ४००० वाचवतं. स्ट्रेप्टोलायसिन ओ समोर पीईजीही कामाचं नाही. तिथे भोकच २५-३० नॅनोमीटरचं, हिमोग्लोबिन सरळ त्यातूनच बाहेर पडतं. पहिल्या पायरीत सुई आणि पेन्सिल वेगळी ठेवा म्हटलं होतं ते यासाठी.

काम करताना एक फार साधी चूक सगळं बुडवते. एका वर्षी आमच्या बॅचच्या सर्व नळ्या, अगदी निव्वळ मिठाच्या पाण्याचीही, स्वच्छ लाल झाल्या. दोन दिवस आम्ही मीठ आणि रक्त तपासत बसलो. दोष पिपेटमध्ये होता: साबणाने धुऊन नीट विसळल्या नव्हत्या. साबणाचा अंशही लाल पेशींना पुरतो. तेव्हापासून काचसामान शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने तीनदा विसळल्याशिवाय मी प्रयोग सुरू होऊ देत नाही. म्हणूनच शून्य टक्क्याची नळी, मिठाच्या पाण्याची, आणि शंभर टक्क्यांची नळी, ऊर्ध्वपातित पाण्याची, या दोन्ही प्रत्येक वेळी लावायच्या. ५४० नॅनोमीटरवर शोषण मोजलंत तर नमुन्यातून शून्याची नळी वजा करा, शंभरातून शून्याची वजा करा, मग भागाकार.

पायरी सहावी: ब्लड अगारची प्लेट वाचताना

नळीतलं समजलं की प्लेट वेगळी दिसायला लागते. ५ टक्के मेंढीचं रक्त घातलेल्या अगारवर वसाहतीभोवती पारदर्शक कडं दिसलं तर बीटा हिमोलिसिस (हिमोलिसिस म्हणजे लाल पेशी फुटणं), हिरवट दिसलं तर अल्फा, काहीच नसलं तर गॅमा. ही नावं १९१९ मध्ये ब्राऊन यांनी रूढ केली. पण कडं दिसलं म्हणजे छिद्र पाडणारं विष आहे, असं धरून चालू नका.

हिरवट अल्फा कडं बहुतांशी हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे येतं, हिमोग्लोबिनचं ऑक्सिडेशन होऊन. न्यूमोकॉकसकडे छिद्र पाडणारं न्यूमोलायसिन आहे, तरी तो हिरवा रंग त्याचा नाही. स्टॅफिलोकॉकसचं बीटा हिमोलायसिन छिद्र पाडत नाही, ते स्फिंगोमायलिन कापणारं विकर आहे. ३७ अंशांवर पटल अर्धवट दुबळं होतं, प्लेट थंड केली की पेशी फुटतात.

सर्वांत बोलकी प्लेट क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्सची. वसाहतीभोवती आत पूर्ण स्वच्छ कडं, बाहेर अर्धवट फिकट कडं. आतलं थीटा टॉक्सिनचं, म्हणजे परफ्रिंगोलायसिनचं, स्ट्रेप्टोलायसिनच्या घराण्यातल्या छिद्रवाल्याचं. बाहेरचं अल्फा टॉक्सिनचं, जे लेसिथिन कापणारं विकर आहे. एकाच प्लेटवर भोक पाडणं आणि पटल कुरतडणं शेजारी शेजारी.

गट बी स्ट्रेप्टोकॉकस ओळखण्याची कॅम्प चाचणी करताना हीच भागीदारी दिसते. क्रिस्टी, अ‍ॅटकिन्स आणि मंक-पीटरसन यांनी ती १९४४ मध्ये सांगितली, नावाची आद्याक्षरं त्यांचीच. स्टॅफिलोकॉकसचं बीटा हिमोलायसिन पटल कुरतडून ठेवतं, गट बी स्ट्रेप्टोकॉकसचा कॅम्प घटक तिथे छिद्र पाडतो आणि दोन्ही रेघा जवळ येतात तिथे बाणाच्या टोकासारखा स्वच्छ भाग उमटतो.

गट ए स्ट्रेप्टोकॉकसची प्लेट लावताना पृष्ठभागावर रेघ ओढून झाली की तारेने अगारात दोन-तीन ठिकाणी टोचून ठेवा. स्ट्रेप्टोलायसिन ओ मधला ओ ऑक्सिजनचा. हवेत ते निकामी होतं, खोल टोचलेल्या जागी काम करतं. पृष्ठभागावरचं कडं बहुतेक स्ट्रेप्टोलायसिन एसचं असतं.

घसा दुखून सांधे सुजलेल्या मुलाचा एएसओ रिपोर्ट पाहिला असेल, तर तो याच विषाविरुद्धच्या प्रतिपिंडांचा. आज तो लॅटेक्सवर होतो आणि २०० युनिट ही रेषा सगळे पाहतात. पण जुनी पद्धत आपल्या नळीचीच होती: रुग्णाच्या सीरमचे पातळ होत जाणारे नमुने, ठरलेलं स्ट्रेप्टोलायसिन ओ, आणि लाल पेशी. ज्या नळीपर्यंत पेशी फुटल्या नाहीत तिथवर प्रतिपिंडं पुरली. इथे पेशी धुण्याचं खरं कारणही कळतं. सीरममधलं मोकळं कोलेस्टेरॉल स्वतःच या विषाला गुंतवून ठेवू शकतं.

एक गैरसमज जाता जाता. आपल्या जिल्ह्यात पंढरपूरची वारी आहे, त्यामुळे जुन्या पिढीच्या बोलण्यात पटकीचा विषय निघतो आणि मुलं पटकीचं मुख्य विषही याच यादीत टाकतात. कॉलरा टॉक्सिन छिद्र पाडत नाही. असं विष असतं हे १९५९ मध्ये कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी दाखवून दिलं. हे विष आतड्याच्या पेशीत शिरून तिचे क्लोराइडचे स्वतःचेच मार्ग उघडे ठेवतं. व्हिब्रिओ कॉलरीकडे छिद्र पाडणारं आणखी एक विष आहे, पण ते वेगळं.

शेतकरी घरातल्या मुलांना बीटीचं उदाहरण लगेच पटतं. बॅसिलस थुरिंजिएन्सिसचं क्राय प्रथिन अळीच्या पोटातल्या अल्कलीत विरघळतं, तिथल्या विकरांनी कापलं जाऊन जागं होतं, आतड्याच्या पेशीवरची ठरावीक प्रथिनं धरतं आणि छिद्र पाडतं. आपल्या पोटात आम्ल आहे आणि ती पकडीची प्रथिनं नाहीत. कागदी मॉडेलच्या चारही अवस्था तुरीवरच्या घाटेअळीच्या पोटातही घडतात, फक्त हे विष दांडीवाल्यांच्या गटातलं आहे, पिंपवाल्यांच्या नाही. किडीत प्रतिकार आला तर तो बऱ्याचदा दुसऱ्या अवस्थेत येतो, पकडीची जागाच बदलते.

पायरी सातवी: लाल पेशीवर थांबू नका

लाल पेशीला केंद्रक नाही, पटल आत ओढून घेण्याची यंत्रणा नाही. भोक पडलं की तिच्या हातात फार काही नसतं. फुप्फुसाची, आतड्याची किंवा त्वचेची पेशी तशी नाही. म्हणून नळीतले निष्कर्ष जसेच्या तसे शरीराला लावू नका. वहीत ‘लाल पेशींवर’ हे दोन शब्द प्रत्येक निष्कर्षापुढे लिहा.

केंद्रक असलेल्या पेशीत भोक पडताच दोन गोष्टी कळतात. पोटॅशियम आत सुमारे १४० आणि बाहेर ४-५ मिलिमोलर असतं, ते घसरतं. पहारा देणाऱ्या पांढऱ्या पेशी या घसरणीवरून एनएलआरपी-३ ही धोक्याची यंत्रणा चालू करतात आणि दाह सुरू होतो. दुसरीकडे कॅल्शियम आत शिरतं. बाहेर ते साधारण १ मिलिमोलर आणि आत त्याच्या दहा हजार पटींनी कमी, म्हणून थेंबभर आलं तरी पेशीला लगेच कळतं. कॅल्शियमच्या हाकेवर पेशी छिद्र असलेला पटलाचा तुकडा बुडबुड्यासारखा बाहेर झटकून टाकते किंवा आत ओढून पचवते. थोडी छिद्रं असतील तर पेशी काही मिनिटांत सावरते. खूप असतील तर मरते. विष तेच, मात्रा वेगळी.

या दुरुस्तीचा उपयोग करून घेणारी एक सुंदर पद्धत आहे. जिवंत पेशीत एखादं प्रथिन घालायचं असतं, पण पटल त्याला आत घेत नाही. मग पेशी कॅल्शियम नसलेल्या द्रावणात ठेवून त्यांना मोजकं स्ट्रेप्टोलायसिन ओ देतात. २५-३० नॅनोमीटरची दारं उघडतात, दुरुस्तीची हाक जात नाही आणि हवं ते प्रथिन आत शिरतं. नंतर द्रावणात कॅल्शियम घालतात. पेशी दारं बंद करून घेते आणि प्रथिन आत ठेवून पुन्हा वाढायला लागते.